शंभर टक्क्यांखालची सही

सोमवार, ३ मार्च

करकार्यालयाचे पत्र आले. नोंदणीकृत. पोस्टमनने पोचपावतीवर सही मागितली तेव्हाच हात थरथरला. आत काय आहे हे ठाऊकही नव्हते!

दोनदा वाचले. गेल्या वर्षीच्या विवरणपत्रात मी घरच्या फोनचा आणि इंटरनेटचा सगळा खर्च व्यवसायाचा म्हणून वजा केला आहे. त्यांचे म्हणणे असे की, राहत्या घरातून चालणाऱ्या व्यवसायात हे सहसा घडत नाही. घरातली माणसेही फोन वापरतात. म्हणून कामापुरत्या वापराचीच वजावट मिळते. आपण ‘शंभर टक्के’ कोणत्या आधारावर लिहिले? वापराची रोजची नोंद, नमुन्यादाखल अलीकडच्या एका महिन्याची फोन कंपनीकडील कॉलची तपशीलवार यादी आणि प्रतिज्ञापत्र घेऊन शुक्रवार, दिनांक २८ रोजी समक्ष हजर राहावे. खाली बारीक अक्षरांत खोट्या निवेदनाचे परिणाम. एरवी चष्म्यावाचून मला मथळाही दिसत नाही. ती बारीक अक्षरे मात्र दिसली!

आधार काय? आधार माझा संकल्प. पाठशाळेतून निवृत्त झालो आणि सहा वर्षांपूर्वी घराच्या पुढच्या खोलीत बसून फोनवर, इंटरनेटवर ग्रंथांचे पाठ सांगू लागलो. पहिल्या दिवशी स्नान करून, दिवा लावून, या यंत्रावर हात ठेवून बोललो होतो — आजपासून हे यंत्र आणि ही तार केवळ विद्येची. घरच्या बोलण्यासाठी कन्येने सौ.ला वेगळा मोबाइल घेऊन दिला; त्याचे बिल वेगळे. अर्पण केलेल्या वस्तूचे टक्के पाडता येत नाहीत. सत्तर टक्के देवाचे आणि तीस टक्के घरचे, असे फूल कोणी वाहते काय?

म्हणून शंभर लिहिले. निःशंक लिहिले, खाली सही केली.

मग हे पत्र मी तिसऱ्यांदा का वाचतो आहे?


मंगळवार, ४ मार्च

करसल्लागाराकडे गेलो. मनातल्या मनात मी त्याला टक्केशास्त्री म्हणतो. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर त्याची खोली. जिना चढताना रबराचा वास, वर फायलींचा.

“गुरुजी, शंभर कुणी लिहितं का हो? शंभर बघितलं की त्यांचे कान उभे राहतात. मी तेव्हाच म्हणालो होतो, सत्तर लिहा आणि निवांत झोपा.”

“सत्तर हे असत्य ठरले असते.”

“असत्य नाही, अंदाज!”

“खरे ठाऊक असताना केलेला अंदाज हे असत्यच.”

त्याने माझी फाइल मिटली. मग म्हणाला, “कर नाही त्याला डर कशाला, म्हणतात. पण तुम्हाला कर आहे गुरुजी, तेव्हा थोडी डर असू द्या.” आपल्याच विनोदावर पोट धरून हसला. मला हसू आले नाही.

“एखादा घरगुती फोन निघालाच तर?”

“पैशाचं फार नाही हो. किरकोळ दंड. पण शंभराखाली सही तुमची आहे. ती खोटी ठरेल.”

खोटी सही! जिना उतरताना एक जुनी गोष्ट आठवली. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे पाठ घेणाऱ्या एका परिचारिकेने पाठाची आवृत्ती न करताच ‘केली’ म्हणून सांगितले. त्याच दिवशी तिला म्हणालो होतो — असत्याने वाणी नासते, पुन्हा पाठाला येऊ नका. ती फोनवर रडत होती. मी फोन ठेवला होता.


बुधवार, ५ मार्च

नोंदवही आखली. दिनांक, वेळ, कोणाचा कॉल, किती मिनिटे, प्रयोजन. दिनक्रम निश्चितच आहे: सकाळी सात ते बारा पाठ, भोजन, दोन ते तीन वामकुक्षी, पाच ते सात पुन्हा पाठ. रविवारी अनध्याय, पाठ बंद. शिष्य एकोणीस. नोंद ठेवणे अवघड नाही.

एक गोष्ट या लोकांना कशी पटवावी? पाठ सांगताना मी पोथी समोर घेत नाही, शिष्यालाही घेऊ देत नाही. पोथी पाहून शिकवणे म्हणजे कुबड्या घेऊन शर्यतीत उतरणे. मुखातून कानात, कानातून मुखात, एवढाच मार्ग. तेव्हा खोलीत पुरावा म्हणून दाखवायला काही नाहीच. एक पाट, एक फोन, एक संगणक, आणि कपाटात कापडात बांधलेल्या पोथ्या, ज्या मी वर्षानुवर्षे सोडलेल्या नाहीत.

सौ.ला पत्राविषयी सांगितले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबला.

“शंभर लिहिताना मला विचारलं होतंत?”

“तुला काय विचारायचे? तू त्या फोनला हात लावतेस का?”

तिने हातातली घडी पूर्ण केली. मग म्हणाली, “अहो, किती दिवस मागचे फोन बघतात ते?”

“एक महिना.”

“बरं,” म्हणाली आणि घातलेली घडी मोडून पुन्हा घातली.


शनिवार, ८ मार्च

दंतवैद्याचा पाठ. दवाखाना उघडण्यापूर्वी तिथूनच संगणकावर येतो. मागे ती खुर्ची दिसते, जिच्यावर लोक आ वासून बसतात. दुसरे प्रकरण चालू आहे. दहाव्या श्लोकानंतर तो अडखळला.

“गुरुजी…”

“काय?”

“काही नाही गुरुजी. आवाज जरा तुटला.”

इंटरनेटचा हा दोष हल्ली फार वाढला आहे. परवा ग्रंथपाल बाईही अशाच मध्ये गप्प झाल्या होत्या. नोंदवहीत लिहिले — सकाळी ७ ते ७.४०, पाठ, जोडणी सदोष.


मंगळवार, ११ मार्च

काल भल्या सकाळी एकदम आठवले — गेल्या वर्षी जावईबापू या खोलीत बसून क्रिकेटचा सामना पाहत होते! कोणाच्या इंटरनेटवर? माझ्या? म्हणजे शंभर नव्हे! साडेनव्व्याण्णव? नव्व्याण्णव पूर्णांक आणि किती?  टक्केशास्त्र्याला फोन करायचा म्हटले तरी या फोनवरून करावा की नको? तो व्यवसायाचा कॉल की घरगुती? शेवटी सौ.चा मोबाइल मागून कन्येला केला.

“बाबा, तो स्वतःच्या मोबाइलवर बघत होता. तुमचा पासवर्ड तुम्ही देवालासुद्धा सांगणार नाही, त्याला कुठे सांगताय!”

दीर्घ श्वास घेतला. कन्या हसत होती. मग हसू आवरून म्हणाली, “आईची तब्येत बरी आहे ना? थकल्यासारखी वाटते.”

म्हणालो, उत्तम आहे.


शुक्रवार, १४ मार्च

आजचे कॉल अकरा. सर्व विद्येचे. उरले दोन आठवडे. अन्न गोड लागत नाही.


सोमवार, १७ मार्च

कंपनीची यादी आली. १५ फेब्रुवारी ते १४ मार्च. सहा पाने.

माझी नोंदवही शेजारी ठेवली, पट्टी घेतली, ओळ ओळ ताडून पाहू लागलो. वहीतली पहिली पूर्ण नोंद ६ मार्चची, म्हणून पाचव्या पानापासून; सकाळच्या ओळींवर समाधान. दुपारच्या ओळीवर पट्टी थांबली.

गुरुवार, ६ मार्च. दुपारी २.०८. या घरातून केलेला कॉल. मिनिटे सव्वीस.

माझ्या नोंदीत नाही. खाली पाहिले. २.३६, अकरा मिनिटे. नोंदीत नाही. शुक्रवारी २.०५. शनिवारी २.०६, एकच, पण एकेचाळीस मिनिटे! रविवारी काही नाही. सोमवारी तीन. मागे फेब्रुवारीपर्यंत गेलो. रोज. रोज! एक रविवार सोडला तर दुपारचा एक तास मोकळा नाही. क्रमांकांचे शेवटचे चार आकडे फुल्यांनी झाकलेले, गोपनीयतेसाठी म्हणे. कोणाला केले ते कळायला मार्ग नाही.

दोन ते तीन मी झोपलेला असतो. घरात माणसे दोन. त्यातले एक झोपलेले.

पाचावर धारण बसली आहे. एखादा फोन निघाला तर, म्हणून मी घाबरत होतो. हे साठाच्या वर आहेत! शंभर टक्के असत्य आहे आणि त्याखाली माझी सही आहे. साठ वर्षे जी जीभ जपली तिच्यावर डाग नाही असे आजवर छातीवर हात ठेवून सांगत आलो. आता तो हात कुठे ठेवू?

आणि दुसरे भय, जे लिहिण्याचेही धैर्य होत नाही. तिच्यापाशी स्वतःचा मोबाइल आहे. मग मी झोपल्यावर, या फोनवरून, चोरून — कोणाशी?


मंगळवार, १८ मार्च

विचारले नाही. दोनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेलो, पाणी पिऊन परत आलो.


बुधवार, १९ मार्च

आज जे करता करता राहिलो ते या वहीखेरीज कोणाला सांगता येणार नाही.

सौ. बाजारात गेली होती. यादी काढली. कात्रीही काढली. दुपारच्या ओळी कापून, उरलेले तुकडे जोडून, त्याची छायाप्रत काढली तर? कोपऱ्यावरच्या दुकानात तेवढ्यात होते. पाचव्या पानावर कात्री टेकवलीही. एक ओळ कापली. बोटाच्या पेराएवढी कागदाची पट्टी पाटावर पडली — २.०८, सव्वीस मिनिटे.

जिन्यावर पावले वाजली. शेजारची होती. पण माझ्या हातून कात्री गळाली, पायावर पडली. रक्त आले थोडे. ते पाहून शुद्धीवर आलो. जन्मभर लोकांना सत्याचा महिमा सांगितला, आणि त्याच जागेवर बसून मी कात्री चालवत होतो!

पट्टी डिंकाने पुन्हा चिकटवली. किंचित तिरकी बसली.

“पायाला काय झालं?” सौ.ने आल्यावर विचारले.

“नख लागले.”

हे दुसरे असत्य. एकदा सुरुवात झाली की ते थांबत नाही.


शुक्रवार, २१ मार्च

आज विचारले. जेवणानंतर यादी तिच्यापुढे ठेवली, दुपारच्या ओळींवर बोट ठेवले. 

ती पाहत राहिली. चेहरा पांढरा पडला. मला वाटले, नाकारील. नाकारले नाही.

“ते कामाचेच फोन आहेत. शंभरच राहू द्या.”

“कोणत्या कामाचे?”

“तुमच्याच. माझ्यावर विश्वास ठेवा आणि सही करा.”

“अगं, प्रतिज्ञापत्र आहे ते. मी जाणतो ते सत्य आहे, असे लिहावे लागते. जाणणे म्हणजे एकतर स्वतः पाहिलेले, नाहीतर खुणेवरून अनुमान केलेले, नाहीतर विश्वासू माणसाने सांगितलेले. तू काही सांगतच नाहीस!”

“मी विश्वासू नाही का?”

“आहेस. पण सांग तरी!”

“शास्त्र राहू द्या हो आता,” ती म्हणाली. डोळे भरले होते. “नाहीतर सत्तर लिहा. साठ लिहा. पण मला विचारू नका.”

चव्वेचाळीस वर्षांत तिने मला असे कधी म्हटले नव्हते. ‘विचारू नका’! ती घाबरलेली आहे. माझ्याहून अधिक. करकार्यालयाला नव्हे, ते तर पाचव्या मिनिटाला विसरली. मग कशाला?


शनिवार, २२ मार्च

अनुमान केले. कन्येने म्हटले होते, आई थकल्यासारखी वाटते. दुपारी फोन; कधी लांब, कधी लहान; माझ्यापासून लपवून. डॉक्टर, प्रयोगशाळा, पुन्हा डॉक्टर. ती आजारी आहे! मोठ्या आजाराने. आणि मला झेपणार नाही म्हणून सांगत नाही.

परमेश्वरा, शंभर टक्के खोटे ठरू दे. माझी सही खोटी ठरू दे, दंड होऊ दे, नाव जाऊ दे. पण हे नको.

तिच्या औषधांचा डबा उघडून पाहिला. गुडघ्याचे मलम आणि माझ्याच रक्तदाबाच्या गोळ्या.


सोमवार, २४ मार्च

 आजच लिहायला हवे. का लिहायला हवे ते पुढे येईलच.

दोन वाजता आडवा झालो. डोळे मिटले, श्वास लांब केला. आयुष्यातले पहिले सोंग. पाच मिनिटांनी तिची पावले आली, दाराशी थांबली, पाठाच्या खोलीत गेली. फोनचा बिनतारी हँडसेट उचलल्याचा आवाज. मग स्वयंपाकघराचे दार लोटले गेले.

उठलो. अनवाणी, भिंतीला धरून. स्वतःच्या घरात चोरासारखा. दाराच्या फटीतून दिसले: टेबलावर डब्याला टेकवून ठेवलेला फोन, मोठ्या आवाजावर, आणि तिच्या हातात अर्धवट घडीचा टॉवेल.

“हं, म्हणा,” ती म्हणत होती. आणि तिने एक चरण म्हटला. स्पष्ट. स्वरासह. विरामासह.

पलीकडून पुरुषाचा आवाज तोच चरण म्हणाला. मी आवाज ओळखला. दंतवैद्य!

“नाही, तिथे दीर्घ आहे. दम पुरवून ठेवा. पुन्हा… हां, आता बरोबर. सकाळी गुरुजींचा हाच राहिला. दहाव्यानंतर हा अकरावा, मग बारावा.”

“काकू, आज दोन राहिले.”

“दोन? माझ्या लक्षात एकच आला. दुसरा कुठला?”

“सत्ताविसावा.”

 तिने टॉवेल टेबलावर ठेवला. “बरं. तोही घेऊ. आणि उद्या सकाळी—”

“माहीत आहे काकू. गुरुजी म्हणतील तसंच म्हणायचं. मध्येच गप्प नाही राहायचं.”

“मागे एकदा तुम्ही अडखळलात. त्यांच्या लक्षात येईल हो.”

“चुकलं. पुन्हा नाही.”

प्रथम क्रोध आला. हे कोण मला शिकवणार! माझा पाठ आणि श्लोक गाळलेला? परतलो, पलंगावर बसलो, ओठांतल्या ओठांत दुसरे प्रकरण म्हणू लागलो. आठवा, नववा, दहावा, बारावा. थांबलो. पुन्हा. नववा, दहावा, बारावा. इतका सहज जातो की सांधाही जाणवत नाही! मध्ये काही असावे असे वाटतच नाही. जणू मुळातच असे रचले होते.

ती बाहेर पडल्यावर कपाट उघडले. पोथीच्या कापडाची गाठ सुटेना, दातांनी सोडवली. अकरावा श्लोक होता. शेजारी माझ्याच हातची खूण, विशीतली. वाचला. कोणी परका दारात उभा राहावा आणि घर माझे आहे म्हणावे, तसा तो माझ्याकडे पाहत होता. पाच वेळा म्हटला. पोथी मिटली. दहावा म्हटला.

बारावा आला.

भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. हा पाठीमागे नाही. आत बसला आहे, आणि एकेक श्लोक गिळतो आहे, आणि मला पोटभर जेवल्याचे समाधान देतो आहे!


मंगळवार, २५ मार्च

सकाळचे पाठ सांगितले नाहीत. सर्दीचे निमित्त. तिसरे असत्य.

दुपारी दोन वाजता झोपायला गेलो नाही. स्वयंपाकघरात तिच्यासमोर जाऊन बसलो. तिने माझ्याकडे पाहिले आणि फोन टेबलावर ठेवला.

“ऐकलंत तर.”

“ऐकले. किती दिवस चालले आहे?”

“दीड वर्ष. आधी आठवड्यातून एखादा फोन. आता रोज.”

“तुला हे सगळे पाठ कसे?”

“कसे म्हणजे? चव्वेचाळीस वर्षं तुम्ही घोकत होतात तेव्हा भिंतीपलीकडे मी काय कानांत बोळे घालून बसले होते?”

“सर्वांना ठाऊक आहे?”

“एकोणीसच्या एकोणीस जणांना.”

“आणि कोणी सोडून गेले नाही?”

“तुम्ही फी वाढवलीत तेव्हासुद्धा नाही.” ती हसली. मी प्रयत्न केला; ओठ वळले नाहीत. तिने माझ्या मनगटावर हात ठेवला. “डॉक्टरकडे न्यायला हवं होतं तुम्हाला. मीच टाळलं. मलाही भीती वाटली हो.”

“मला सांगितले का नाहीस?”

“सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी फोन बंद केला असतात आणि भिंतीकडे तोंड करून बसला असतात. मग मी काय करायचं होतं?”

खरे आहे. तसेच केले असते.

मग तो प्रश्न विचारला, जो यादी आल्यापासून बोचत होता. “तुझ्यापाशी मोबाइल आहे. त्यावरून केले असतेस तर हे कुणाला कळलेच नसते!”

ती माझ्याकडे अशी पाहू लागली, जणू मी काही अमंगळ बोललो. “तो घरचा फोन. हे तुमचं काम. विद्येचं बोलणं या तारेवर आणि घरचं त्या तारेवर, हा संकल्प कुणी केला होता? मी नाही मोडला तुमचा संकल्प.”



म्हणजे शंभर सत्य आहे! ज्या असत्याच्या भीतीने मी कात्री उचलली ते असत्य नव्हतेच. एकही मिनिट घरगुती नाही. माझी सही खरी आहे. पण ती खरी आहे हे सिद्ध करायचे तर त्या टेबलासमोर बसून दुपारचे फोन कशाचे ते सांगावे लागेल. पाठ सांगून जगणाऱ्याने सांगायचे की मला पाठ नाही.


गुरुवार, २७ मार्च

टक्केशास्त्री घरी आला. त्याला सर्व सांगितले. सल्लागारापासून लपवून चालत नाही. प्रथमच विनोद न करता बसला.

“गुरुजी, सत्तर लिहू. दुपारचे फोन घरगुती दाखवू. काकू सांगतील, बहिणीला करत होते. दुरुस्ती, थोडा दंड, फाइल बंद. अब्रू शाबूत.”

“आणि शंभर राखायचे म्हटले तर?”

“तर खरं कारण लेखी द्यावं लागेल. ते कागदावर राहील. उद्या एखादा नवा शिष्य, एखादी पाठशाळा… लोक बोलतात हो. खऱ्याचा विजय होतो म्हणतात, पण फाइलीत खर्च कोणाचा होतो ते बघा.”

मी सौ.कडे पाहिले. ती म्हणाली, “मी सांगते. बहिणीला करत होते. बायका करतातच.”

इतक्या सहज म्हणाली! जिने माझ्या एका वाक्यासाठी स्वतःचा मोबाइल बाजूला ठेवला, ती माझ्या नावासाठी अधिकाऱ्यासमोर असत्य बोलायला तयार आहे. मी तिला अडवायला हवे होते. अडवले नाही. भीती माणसाला किती शहाणा करते! मनात लगेच युक्तिवाद उभे राहिले — कोणाचे नुकसान होत नाही, उलट सरकारला चार पैसे अधिकच मिळतात. असत्य स्वतःच्या लाभासाठी नसले तर ते सौम्य. वृद्धाला एवढी सवलत शास्त्रानेही दिली असती. हेच युक्तिवाद मी शिष्यांच्या तोंडून ऐकले असते तर?

टक्केशास्त्र्याने दोन कागद केले होते, एक सत्तरचा, एक शंभरचा. सत्तरच्या कागदावर सही केली.

हात थरथरला नाही. त्याचीच सर्वांत अधिक भीती वाटते.


शुक्रवार, २८ मार्च

अधिकारी बाई कन्येच्या वयाच्या. यादीतल्या दुपारच्या ओळींना पिवळी खूण. एका तिरक्या ओळीवरून त्यांनी बोट फिरवले, पण काही म्हणाल्या नाहीत. “आजोबा, हे फोन कुणाचे?”

“माझे,” सौ. म्हणाली. “बहिणीला.”

सत्तरचा कागद टेबलावर होता. मी तो उचलून घेतला आणि पिशवीतला शंभरचा पुढे ठेवला.

“यांना बहीण नाही,” मी म्हणालो. “दुपारी या माझ्या शिष्यांना शिकवतात. सकाळी मी विसरतो म्हणून.”

बाईंनी पेन खाली ठेवले. मग पुन्हा उचलले. “केव्हापासून?”

आठवू लागलो. परवाच तिने सांगितले होते. टेबल, टॉवेल, मनगटावरचा हात, सर्व आठवले. तेवढे आठवेना.

“दीड वर्ष,” सौ. म्हणाली.

“मग व्यवसाय दोघांचा आहे. दोघांच्या सह्या लागतील.”

शंभराखाली मी सही केली आणि लेखणी सौ.च्या हातात दिली.